आत्मनिंदा आणि तिचे वैद्य

गेल्या दहापंधरा वर्षांत आपल्या महाविद्यालयांत एका नव्या प्रकारच्या व्याख्यानाची साथ आली आहे. वार्षिक संमेलनास पूर्वीं एखादा साहित्यिक बोलावीत, क्वचित् एखादा नट बोलावीत. आतां ‘तणाव-व्यवस्थापन’ शिकविणारा तज्ज्ञ बोलावितात. हे गृहस्थ कानाशीं ध्वनिक्षेपक अडकवून येतात, सभागृहांतील चारपांचशें मुलांस उभें राहावयास लावितात, शेजाऱ्याशीं हस्तांदोलन करावयास सांगतात, आणि अखेरीस डोळे मिटावयास लावून त्यांच्याकडून एक वाक्य एकवीस वेळां वदवून घेतात. वाक्य ठराविक असतें: मी उत्तम आहें, मी समर्थ आहें, मला अशक्य असें कांहीं नाहीं. मुलें टाळ्या वाजवितात, प्राचार्य आभार मानतात, चहापान होतें. आणि दुसऱ्या दिवशीं परीक्षेचें वेळापत्रक तिसऱ्यांदां बदलल्याची सूचना फलकावर लागते.

या व्याख्यात्यांच्या हेतूविषयीं आम्हांस शंका नाहीं. त्यांच्या बिदागीविषयींही आम्ही बोलणार नाहीं. प्रश्न औषधाचा आहे. २०२२ या एका वर्षांत आपल्या देशांत १३,०४४ विद्यार्थ्यांनीं आत्महत्या केल्याची नोंद केंद्र सरकारच्या दप्तरीं झाली, आणि राज्याराज्यांच्या यादींत महाराष्ट्राचा आंकडा सर्वांत मोठा होता. असल्या गोष्टींचें कारण एकच कधीं नसतें, आणि आंकड्यांवरून मनाचा ठाव लागत नाहीं, हें आम्ही जाणतों. परंतु ज्या दुखण्याची किंमत अशी मोजावी लागते, तेथें चुकीचें औषध निरुपद्रवी म्हणून सोडून देतां येत नाहीं. आमचें म्हणणें असें कीं, स्वतःविषयींची वाईट समजूत गोड वाक्यानें जात नाहीं; ती तपासावी लागते. आणि ती तपासूं लागलें कीं तिच्यांतील बराच भाग विद्यार्थ्याच्या पदरचा नसून त्याच्याभोंवतींच्या व्यवस्थेचा आहे असें आढळून येतें. बहुधा याच कारणासाठीं तपासणीपेक्षां गोड वाक्य सर्वांस सोयीचें वाटतें.

आधीं शब्दाविषयीं थोडें. ‘तणाव’ हा मराठींत हिंदीच्या वाटेनें आलेला पाहुणा आहे. आपला घरचा शब्द ‘ताण’. आणि तोही पूर्वीं मनापेक्षां दोरीला, तंबूला व तंबोऱ्याच्या तारेला अधिक लावीत. मनासाठीं आपल्यापाशीं काळजी, घोर, धास्ती, दडपण, हुरहूर, तगमग अशी भरगच्च शिदोरी होती, आणि यांतील प्रत्येक शब्द ऐकणारास थोडेंफार निदान सांगत असे. कर्जाचा घोर वेगळा, साहेबाची धास्ती वेगळी, परगांवीं गेलेल्या मुलाची हुरहूर वेगळी. आतां या सर्वांचा मिळून एकच ‘तणाव’ झाला, आणि निदानाची सोय गेली. इंग्रजींतील मूळ शब्द इमारतींच्या व यंत्रांच्या शास्त्रांतला. मॉन्ट्रियल येथील शास्त्रज्ञ हान्स सेल्ये यांनीं १९३६ सालीं उंदरांवरील प्रयोगांवरून दाखविलें कीं, थंडी असो, इजा असो, अतिश्रम असोत कीं विषप्रयोग असो, शरीर पुष्कळ अंशीं एकाच ठराविक रीतीनें झुंजतें. आणि पुढें त्यांनीं या अवस्थेस तो इंजिनियरांचा शब्द लाविला. लाविला तर लाविला. पण इंजिनियरांचा शब्द घ्यावयाचा तर त्यांची रीतही घ्यावी. तुळईला तडा गेला असतां इंजिनियर दोन गोष्टी पाहतो: तुळईचें लांकूड कसें आहे, आणि तिच्यावर भार किती घातला आहे. आमचे व्याख्याते भाराकडे ढुंकूनही पाहत नाहींत. ते तुळईला सांगतात कीं, तूं लोखंडाची आहेस असें एकवीस वेळां म्हण.

प्रथम लांकडाकडे पाहूं; भाराकडे मागाहून वळूं.

एक नेहमीचें उदाहरण घेऊं. दहावीपर्यंत तालुक्याच्या गांवीं मराठी शाळेंत शिकलेला मुलगा पुण्यामुंबईच्या महाविद्यालयांत येतो. गांवीं तो पहिल्या तिघांतला. येथें पहिल्याच आठवड्यांत वर्गांत इंग्रजीचा जो ओघ सुरू होतो, त्यांतील अर्धेंअधिक त्याच्या डोक्यावरून जातें. तो मनाशीं म्हणतो, ‘मला इंग्रजी येत नाहीं.’ हें वाक्य खरें आहे आणि उपयोगीही आहे, कारण त्यावर उपाय आहे. दिवाळीच्या सुमारास चांचणीचे गुण लागतात, आणि वाक्य बदलतें: ‘मला कांहींच येत नाहीं.’ हें वाक्य खोटें आहे. गणित त्याला येतें. बापाच्या सोसायटीच्या कर्जाचा हिशेब त्याला येतो. विहिरीवरचा पंप बंद पडला तर तो उघडून पाहण्याची हिंमत त्याच्यापाशीं आहे. परंतु तें वाक्य खोटें आहे असें सांगणारें जवळ कोणी नसतें, आणि वसतिगृहाच्या खोलींत तें रोज रात्रीं पुन्हां पुन्हां ऐकूं येतें. होळी येईपर्यंत तिसरें वाक्य तयार होतें: ‘मी कांहींच नाहीं.’ हें तिसरें वाक्य खरेंही नाहीं आणि खोटेंही नाहीं. त्याला तपासण्याजोगा अर्थच उरलेला नाहीं. आणि म्हणूनच तें इतकें चिवट असतें.

या तीन वाक्यांत काय घडलें तें व्याकरणाच्या दृष्टीनें पाहण्यासारखें आहे. पहिल्या वाक्यांत कर्ता इंग्रजी आहे. मुलाला फक्त चतुर्थी. मराठीची ठेवण अशी कीं राग येतो, कंटाळा येतो, भीति वाटते, विद्या येते अगर येत नाहीं. येणारें येतें, जाणारें जातें, आणि ज्याला तें येतें तो मनुष्य आपल्या जागीं कायम असतो. तिसऱ्या वाक्यांत येणारेंजाणारें कांहींच शिल्लक नाहीं. ‘मी’ स्वतः कर्ता होऊन बसतो आणि क्रियापद म्हणून केवळ असणें-नसणें उरतें. भाषेवरून लोकांचें मानसशास्त्र काढण्याचा छंद आम्हांस नाहीं. मराठी माणसें इंग्रजांइतकींच खचतात. तरी पण ज्या विद्यार्थ्यास पहिल्या व तिसऱ्या वाक्यांतील फरक डोळ्यांपुढें स्पष्ट दिसला, त्याच्या हातीं कांहींतरी लागलें असें आम्ही समजतों. ‘नालायक’ या शब्दाचेंही तेंच. लायक म्हणजे योग्य, योग्य कशास? हा शब्द दुसऱ्या शब्दाचा हात धरल्यावांचून उभाच राहूं शकत नाहीं. लेखनिकाच्या कामास नालायक, पोहण्यास नालायक, असें म्हणतां येतें. नुसता ‘मी नालायक’ हा अपुरा ठराव आहे, आणि कोणत्याही सभेंत अध्यक्षानें तो सूचकाकडे परत धाडला असता.

शाळेंत मंद मुलास ‘ढ’ म्हणतात. ब्राह्मी लिपीपासून आजपर्यंत इतर अक्षरें बदललीं, ‘ढ’ तेवढें होतें तसेंच राहिलें, म्हणून जो सुधारत नाहीं तो ‘ढ’, अशी या शब्दाची एक व्युत्पत्ति सांगतात. ती खरी असो वा नसो, तिच्यांतील कल्पना शिक्षकवर्गांत खोल रुजलेली आहे: मुलगा हें एक अक्षर आहे आणि तें एकदां वळलें तें वळलें.

आतां गोड वाक्याकडे वळूं. हें औषध नवें नाहीं. फ्रान्समध्यें एमिल कूए (१८५७–१९२६) या नांवाचा एक औषधविक्रेता होऊन गेला. आपण दिवसेंदिवस सर्व बाजूंनीं सुधारत आहों अशा अर्थाचें एक वाक्य, वीस गांठी मारलेल्या दोऱ्यावर जप मोजावा तसें, सकाळसंध्याकाळ वीस वेळां पुटपुटावें, असा त्याचा उपाय होता. पहिल्या महायुद्धानंतर इंग्लंड-अमेरिकेंत त्याचा मोठा गाजावाजा झाला. मनुष्य सरळ होता व रोग्यांकडून पैसे घेत नसे. त्याच्या आजच्या वारसांविषयीं हें शेवटलें विधान करण्याचें धाडस आम्ही करणार नाहीं. पुढें २००९ सालीं कॅनडांतील वॉटर्लू विद्यापीठाच्या जोअॅन वुड व त्यांच्या सहकाऱ्यांनीं या औषधाची साधी परीक्षा घेतली. विद्यार्थ्यांस, आपण प्रेमास पात्र आहों अशा अर्थाचें वाक्य मनाशीं वारंवार म्हणावयास लाविलें. ज्यांचें स्वतःविषयीं मत मुळांत चांगलें होतें त्यांस किंचित् बरें वाटलें. ज्यांचें वाईट होतें, त्यांची मनःस्थिति तें वाक्य न म्हणणाऱ्या आपल्यासारख्यांपेक्षां अधिक वाईट झाली. एका परीक्षेवर सर्व भार टाकूं नये हें खरें. परंतु हा निकाल विचित्र वाटण्याचें कारण नाहीं. ज्याच्या मनांत स्वतःविरुद्ध फिर्याद चालू आहे, त्याच्याकडून ‘मी उत्तम आहें’ असें वदविलें कीं विरुद्ध पक्षाचे सर्व साक्षीदार एकदम उठून उभे राहतात. आणि त्यांतून आणखी एक नवें कलम लागतें: इतर सर्वांस या वाक्यानें बरें वाटलें, मलाच वाटलें नाहीं.

सरकारी खर्चानेंही हा प्रयोग झालेला आहे. कॅलिफोर्निया राज्यानें १९८६ सालीं कायदा करून एक मंडळ नेमिलें. लोकांचा स्वतःविषयींचा आदर वाढविला कीं व्यसनें, गुन्हेगारी, शाळेंतील अपयश हीं सर्व ओसरतील, अशी त्यामागची आशा होती. १९९० सालीं मंडळाचा अहवाल निघाला, शाळाशाळांतून स्तुतीचा पाऊस पडला. २००३ सालीं रॉय बाउमाइस्टर व त्यांच्या तीन सहकाऱ्यांनीं त्या वेळेपर्यंतच्या संशोधनाची झडती घेतली तेव्हां असें दिसलें कीं, स्वतःविषयीं उच्च मत असल्यानें अभ्यास सुधारतो याला बळकट पुरावा नाहीं. उलट अभ्यास चांगला झाला कीं मत कांहींसें सुधारतें. म्हणजे घोड्यापुढें गाडी जुंपली गेली होती.

आमच्या मतें या औषधाचा खरा दोष याहून खोल आहे. निंदा करणारा म्हणतो, तुझी एकंदर किंमत शून्य. स्तुति करणारा म्हणतो, तुझी एकंदर किंमत शंभर. तराजू दोघांचा एकच. माणसाची एकंदर किंमत काढतां येते ही मूळ चूक दोघांसही मान्य आहे, आणि शंभरावर बसविलेला मुलगा पुढच्या निकालास शून्यावर येऊन आदळतो. गुणपत्रिकेच्या तळाशीं जी बेरीज असते ती सहा उत्तरपत्रिकांची असते, विद्यार्थ्याची नसते. न्यूयॉर्कचे आल्बर्ट एलिस (१९१३–२००७) हे आयुष्यभर हेंच ओरडून सांगत राहिले (ओरडून हा शब्द आम्ही जाणून योजिला आहे, कारण ते मोठे भांडखोर गृहस्थ होते): कृत्यांस गुण द्या, गुणांचे दोष काढा, पण कर्त्यास एकंदर गुण देऊं नका, चांगलेही नकोत आणि वाईटही नकोत. १९५५ च्या सुमारास त्यांनीं आपली चिकित्सापद्धति मांडली; महाराष्ट्रांत तिचा प्रसार करण्यास मानसशास्त्रज्ञ कि. मो. फडके यांनीं दीर्घकाळ श्रम घेतले. ज्या प्रांतांत ही विद्या मराठींतून उपलब्ध आहे, त्याच प्रांतांत एकवीस जपांचें व्याख्यान खपावें, हें आमच्या वाचनसंस्कृतीविषयीं बरेंच कांहीं सांगून जातें.

एलिसांहून शांत असे दुसरे वैद्य म्हणजे फिलाडेल्फियाचे आरन बेक (१९२१–२०२१). त्यांचें शिक्षण फ्रॉइडच्या संप्रदायांतलें. खिन्नता म्हणजे आंत वळलेला राग, हें सांप्रदायिक मत पुराव्यानिशीं सिद्ध करावें या हेतूनें त्यांनीं खिन्न रोग्यांचीं स्वप्नें तपासावयास घेतलीं. आणि त्यांत रागाऐवजीं पराभव, हानि व नाकारलें जाणें हेंच पुन्हां पुन्हां आढळूं लागलें. पुराव्यानें मत मोडलें तेव्हां त्यांनीं पुरावा न टाकतां मत टाकलें. पुढें त्यांच्या ध्यानीं आलें कीं, रोग्याच्या मनांत स्वतःविषयीं, जगाविषयीं व भविष्याविषयीं कांहीं काळीं वाक्यें विजेसारखीं चमकून जातात, इतक्या झटक्यानें कीं तीं त्याला स्वतःचीं मतें वाटत नाहींत, वस्तुस्थितीच वाटते. मग बेक काय करीत? ते रोग्यास ‘तूं चांगला आहेस’ असें म्हणत नसत, आणि ‘तूं चुकतोस’ असेंही म्हणत नसत. ते विचारीत: यास पुरावा काय? याचा दुसरा कांहीं अर्थ लागतो काय? आणि हें खरें धरलें तरी त्यापुढें काय? मग दोघे मिळून एखादी लहानशी कृति ठरवीत आणि वाक्य खरें कीं खोटें तें त्या कृतीवर घासून पाहत. आमच्या त्या मुलापुरतें बोलावयाचें तर, ‘मला कांहींच येत नाहीं’ हें वाक्य त्यानें कागदावर लिहावें, खालीं येणाऱ्या गोष्टींची यादी करावी, आणि वर्गांत न समजलेला एकच मुद्दा दुसऱ्या दिवशीं अध्यापकांस विचारून पाहावा. अध्यापक हंसतील असें त्याचें भाकीत असतें. तें खरें ठरतें कीं नाहीं तें पाहणें, एवढाच प्रयोग. (कांहीं अध्यापक हंसतात, हें आम्हांस माहीत आहे. तोही पुरावाच, मात्र तो त्या मुलाविरुद्धचा नव्हे.) खिन्नता जेथें दुखण्याच्या थरास गेली, झोप उडाली, अन्न नकोसें झालें, जगणें नकोसें वाटूं लागलें, तेथें निबंधकाराचें काम संपतें आणि डॉक्टरांचें सुरू होतें, तेथें एक दिवसही दवडूं नये.

ही तपासणीची रीत पाश्चात्त्यांची म्हणून कोणी नाक मुरडील, तर त्यानें समर्थांच्या मनाच्या श्लोकांची ठेवण आठवावी. दोनशें पांच श्लोक, आणि संबोधन सर्वत्र स्वतःच्या मनास. त्यांत मनाची खुशामत नाहीं आणि त्यास लाथाडणेंही नाहीं. समंजस माणसाशीं वाद करावा तसा वाद आहे. त्यांतील वैराग्य कोणास पटो वा न पटो, मनाला आदरानें हांक मारून मग त्याच्याशीं हुज्जत घालण्याची रीत आपल्या घरची आहे, एवढेंच आम्हांस म्हणावयाचें आहे.

पुरावा आणि समजूत यांत किती अंतर पडूं शकतें हें पाहावयाचें असेल तर डॉ. जॉन्सनकडे पाहावें. १७५५ सालीं या मनुष्यानें चाळीस हजारांहून अधिक शब्दांचा इंग्रजी कोश प्रसिद्ध केला. थोड्या लेखनिकांच्या मदतीनें, जवळजवळ एकहातीं. तो चालू असतांनाच आठवड्यास दोन निबंध या हिशेबानें दोन वर्षें ‘रॅम्ब्लर’ चालविला. आणि याच मनुष्याच्या खाजगी प्रार्थनांत व टिपणांत, नववर्षास, वाढदिवसास, ईस्टरला, वर्षानुवर्षें एकच रडगाणें आहे: आपण आळशी आहों, आयुष्य फुकट दवडलें, यापुढें पहांटे उठूं. इंग्लंडांतील मोठ्यांत मोठ्या राबणाऱ्यांपैकीं एक मनुष्य मरेपर्यंत स्वतःस आळशी समजत राहिला! त्याच्यापाशीं बुद्धि कमी होती काय? कीर्ति कमी होती काय? बॉझवेलसारखा भाटही त्याला लाभला होता. बाहेरून कितीही स्तुति ओतली तरी ती या जागीं झिरपत नाहीं, याला याहून मोठा दाखला आम्हांस ठाऊक नाहीं. तो कोश त्यानें कधीं स्वतःच्या बाजूचा साक्षीदार म्हणून बोलाविलाच नाहीं.

येथें आमचे जुन्या वळणाचे मित्र पुढें सरसावतील. ते म्हणतील, ‘टोचल्याशिवाय कोणी वाढत नाहीं, जॉन्सननें स्वतःस टोचलें म्हणूनच कोश झाला. आजकालचीं मुलें नाजूक झालीं आहेत.’ या मताचे वैद्य गोडवाल्यांपेक्षां संख्येनें अधिक आहेत आणि घरोघरीं फुकट भेटतात. त्यांस आमचें उत्तर असें कीं, पश्चात्ताप आणि आत्मनिंदा या एकाच वस्तूच्या दोन मात्रा नव्हेत. पश्चात्तापाला विषय असतो: अमुक दिवशीं अमुक काम मीं टाळलें. त्याला शेवटही असतो. काम केलें कीं तो मिटतो. आत्मनिंदेला विषय नाहीं व शेवटही नाहीं. ‘मी मुळांतच वाईट’ असें ठरल्यावर करावयाचें काय उरतें? जो मुलगा स्वतःस ‘ढ’ समजतो तो अधिक अभ्यास करीत नाहीं. तो पुस्तक मिटून भिंतीकडे तोंड करून निजतो. नाजूक म्हणावयाचें तर नाजूक तुळईवर भार घालणारानें अधिक हिशेबी असावयास पाहिजे.

आतां भाराकडे. २०२४ सालीं वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेस २३ लाखांहून अधिक मुलें बसलीं. त्या वेळीं सर्व देशांत मिळून एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाहून कमी होत्या. म्हणजे निदान बावीस लाख मुलांस जागा मिळणार नाहीं, हें पहिली प्रश्नपत्रिका छापण्यापूर्वींच ठरलेलें होतें. त्या सर्वांनीं आरशापुढें उभें राहून हवीं तितकीं वाक्यें घोकलीं असतीं तरी जागा एकानें वाढल्या नसत्या. सर्वांनीं दुप्पट अभ्यास केला असता तरी फक्त उत्तीर्णतेची रेषा वर सरकली असती. हा अंकगणिताचा निकाल आहे, आणि घरीं तो लायकीचा निकाल म्हणून वाचला जातो. पुण्याच्या सदाशिव पेठेंतील अभ्यासिकांत तिशीला टेकलेले जे तरुण स्पर्धापरीक्षांचीं पुस्तकें उराशीं धरून बसलेले दिसतात, त्यांचीही कथा हीच. त्यांस आत्मविश्वासावर व्याख्यान देणारे पुष्कळ भेटतात. जागा किती आणि अर्ज किती याचा भागाकार करून दाखविणारा क्वचित् भेटतो, कारण असला भागाकार शिकवण्यांच्या धंद्यास अपशकुन ठरतो.

दुसरें उदाहरण याहून साधें. २०१७ सालीं मुंबई विद्यापीठानें उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याची नवी पद्धति पुरेशा तयारीवांचून आणली, आणि पदवीचे निकाल महिनोगणती रखडले. पुढील प्रवेशाच्या मुदती टळल्या. त्या वर्षीं अखेरीस कुलगुरूंस पदावरून दूर करण्यांत आलें. त्या उन्हाळ्यापावसाळ्यांत ज्या मुलामुलींची झोप उडाली होती, त्यांच्या विचारसरणींत कोणता दोष होता? त्यांस दीर्घ श्वास घ्यावयास सांगणें म्हणजे थट्टाच नव्हे काय? लंडनच्या सरकारी नोकरांची ‘व्हाइटहॉल’ या नांवानें १९६७ पासून जी दीर्घ पाहणी झाली, तींत खालच्या पायरीवरील नोकर हृदयविकारानें वरच्यांहून अधिक मेले असें दिसलें, आणि पुढच्या पाहणींत आपल्या कामावर आपला ताबा नसणें हें त्याचें एक कारण म्हणून पुढें आलें. विद्यार्थ्याचा आपल्या परीक्षेच्या तारखेवर ताबा किती असतो तें वाचकांस सांगावयास नको.

एलिस यांनीं आपल्या मताचें मूळ एपिक्टेटस या स्टोइक तत्त्वज्ञांत दाखविलें आहे. दुःखाची मुळी घडलेल्या गोष्टीपेक्षां तिच्यावर आपण दिलेल्या निकालांत अधिक असते, अशी त्याची शिकवण. आणि व्याख्यात्यांस ती फार प्रिय आहे. हा एपिक्टेटस रोमांत गुलाम होता; स्वातंत्र्य त्याला मागाहून मिळालें. गुलामानें हा विचार स्वतःस सांगितला तेव्हां तो मुक्तीचा विचार होता: माझें शरीर धन्याच्या हातीं असेल, माझ्याविषयींचा निकाल त्याच्या हातीं नाहीं. तोच विचार धनी गुलामास शिकवूं लागला, तर त्याचा अर्थ काय होतो? परीक्षा लांबविणाऱ्या संस्थेनें परीक्षार्थ्यास ‘तणाव मनांत असतो’ असें शिकविणें, हें धन्याच्या तोंडचें तत्त्वज्ञान होय. वाक्य खरें असूनही तें म्हणण्याचा अधिकार प्रत्येकास नसतो.

आणि स्वतःविषयींची हीन समजूत जेथें समाजानें हुकूम म्हणून लादली, तेथें काय करावें लागलें हें महाराष्ट्रास शिकविण्याची गरज नसावी. जोतीराव फुल्यांनीं १८७३ सालीं ‘गुलामगिरी’ लिहिली ती मनांत पेरलेल्या दास्यावर. महाडचें चवदार तळें नगरपालिकेनें १९२४ सालींच ठरावानें सर्वांस खुलें केलें होतें. परंतु ठराव कागदावर राहिला. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. आंबेडकर हजारों लोकांसह त्या तळ्यावर गेले आणि पाणी घेतलें. स्पर्शानें पाणी बाटतें ही समजूत पिढ्यान् पिढ्या शिकविली गेली होती. जे ती मानीत नव्हते त्यांनाही तिचा भार वाहावा लागे. ‘आम्ही हीन नाहीं’ असें घरीं बसून घोकल्यानें ती जाणारी नव्हती. ओंजळ पाण्यांत घालावी लागली, आणि त्यासाठीं मारही खावा लागला. समजूत कृतीवर घासून पाहावयाची म्हणजे काय, हें बेक यांचा खिन्नतेवरील प्रसिद्ध ग्रंथ १९७९ सालीं निघण्यापूर्वीं पन्नास वर्षें महाडास दिसलें होतें. आजही हा भार गेलेला नाहीं. २००७ सालीं प्रा. सुखदेव थोरात यांच्या समितीनें दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेंतील दलित व आदिवासी विद्यार्थ्यांस भेदभाव सोसावा लागतो असा अहवाल दिला. अशा वसतिगृहांतील मुलगा ‘मी येथला नाहीं’ असें म्हणतो तेव्हां तो भ्रमांत आहे असें समजून त्याची समजूत काढावयास बसणें हा दुहेरी अन्याय होय. बेक यांची पद्धति प्रामाणिकपणें चालविली तर ती येथेंही लागू पडते. कारण पुरावा तपासतां तपासतां, वाक्याचा अर्धा भाग खरा निघाला तर तो खरा म्हणण्याचें धैर्य तिच्यांत आहे. गोड वाक्यापाशीं तें नाहीं.

सर्वोच्च न्यायालयानें २५ जुलै २०२५ रोजीं एका विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणांत निकाल देतांना कांहीं नियम घालून दिले आहेत. शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेनें निदान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ अथवा समाजसेवक नेमावा. शक्य तोंवर गुणांवरून मुलांच्या तुकड्या पाडूं नयेत व चारचौघांत त्यांची मानहानि करूं नये. सरकारी ‘टेली-मानस’ सारख्या मदतीचा दूरध्वनिक्रमांक (तो १४४१६ आहे) ठळक अक्षरांत लावावा. क्रमांकाचा फलक ताबडतोब लागेल, याविषयीं आम्हांस शंका नाहीं. फलक लावण्यांत आपल्या संस्था तरबेज आहेत. समुपदेशकाचें काम मात्र तासिका-तत्त्वावर राबणाऱ्या एखाद्या तरुण अध्यापिकेच्या गळ्यांत, पगार न वाढवितां, घातलें जाईल अशी दाट भीति आहे. तसें होऊं नये यासाठीं आमच्या मागण्या अगदीं रुक्ष आहेत. परीक्षेची तारीख सत्राच्या आरंभीं जाहीर व्हावी आणि ती बदलावयाची झाल्यास बदलणाऱ्या अधिकाऱ्याच्या सहीनें कारण छापावें. पहिल्या वर्षाच्या पहिल्या सत्रांत प्रत्येक विषयाचीं टिपणें मराठींतही द्यावीं. उत्तरपत्रिका तपासून झाल्यावर शेऱ्यांसह विद्यार्थ्याच्या हातीं पडाव्या, म्हणजे ‘कांहींच येत नाहीं’ या वाक्यास निदान पान व ओळ दाखवावी लागेल. समुपदेशक पूर्ण वेळेचा असावा, त्यानें ऐकलेलें प्राचार्यांस कळविण्याचें बंधन त्याच्यावर नसावें. आणि त्याची खोली कार्यालयाच्या समोर नसावी, कारण आंत जाणारा मुलगा खिडकींतल्या कारकुनास दिसला तर दुसऱ्या दिवशीं तो तेथें जाणार नाहीं.